आजाचा दगड

मुलचेऱ्याहून चंद्रपूरची बस सुटायला वेळ होता. दुर्गाच्या मागच्या सीटवर जंगूकाका आणि नागपूरला भूगर्भशास्त्र शिकणारी नीलिमा बसले होते. दुर्गाने वळून पाहिलं नाही, पण कान तिकडेच.

“आजाच्या दगडाचं वय निघालं काय, पोरी?”

“अडीचशे कोटी वर्षं, काका.”

“बाप्पा. मंग तर झालंच. एवढ्या वर्षापासून आमी दगड उभा हाय त्या पहाडीवर हाओ म्हणून सांगू आज सुनावणीत. पहाडी खोदाले आलेले खदानवाले हटतेत.”

“तसं नाई होत. दगड जमिनीच्या पोटात तयार झाला, तवाचं वय हाय ते. आजा मेल्यावर तुमी तो त्याच्या नावानं उभा कवा केला, ते मशीनले नाई समजत.”

“मशीन चुकली असन.”

“दोन लॅबमधी मोजलं. दोन्हीकडं तेच निघालं.”

“अवं, आजा मेला तवा मी दगडाच्या बैलगाडीसंगं चालत होतो. दगड आमीच आणलो.”

“ते तोंडी हाय, काका. तिथं कागदी पुरावा मागते.”

“म्हणजे मशीन खरी, मी खोटा.”

“तुमीबी खरे. पण ऐकते कोण.”

“जाऊ दे. मोजाले नेलेला दगडाचा तुकडा दे वापस.”

“तो नाई राह्यला. मोजाले कुटून पीठ करा लागते.”

“सगळा?”

“सगळा.”

ड्रायव्हर चढला. बस थरथरली. दुर्गाने उगाच खिडकीची काच ओढली.

“आता काय सांगू मी त्याले?”

“कोणाले, काका?”

“आजाले. छिनी मारताना म्हणलो होतो, नागपूरले दाखवून वापस आणतो म्हणून.”