आत्यांचा व्हिडिओ आणि माझी बाटली

...आणि लोक म्हणत्यात, मशीनच हाय की, त्यात काय अवघड! व्हय, बाहेर बसून म्हणणाऱ्यास्नी काय अवघड? तुम्हाला सांगतो, बाळंतपणाची रजा संपली, सहा म्हैन्यांची लेक घरात ठेवून कारखान्याच्या लॅबमधी हजर झालो, उसाच्या रसाची गोडी मोजायची आपली नोकरी, आणि दुपारच्याला स्टोअरची कडी लावून, मोकळ्या बरण्यांच्या मधी खुर्ची टाकून हे दूध काढायच्या पंपाचं खटलं मांडून बसतोय. नरसाळं, नळी, बाटली, आणि एक नखाएवढी रबराची झडप... ती उलटी बसली की नुसता वारा! घर्र फुस्स, घर्र फुस्स... दोन दिस वाराच काढला मी! आणि दाराबाहेर बसतोय आमचा फिटर बाळासो, आख्ख्या कारखान्याचं पंप डोळं झाकून जोडणारा माणूस, पर ह्यो पंप त्याला कसा दाखवू, सांगा की! वर त्योच बाहेरनं वरडतोय, "म्याडम, आत कसला पंप वाजालाय? एअर धरलीय बघा त्यानं!" धरलीय की बाबा, धरलीय!

बरं, झडप सुलटी झाली, तरी बाटलीचा तळ भिजंना. दवाखान्यातल्या प्रीती सिस्टरांना फोन लावला, तर म्हणत्यात कशा, "ताण घ्यायचा नाही हं, बाळाचा फोटो बघायचा, आपोआप येतं." बघितला. टोपडं घालून झोपलेली आमची आदिती. लई ग्वाड... पर तीस मिलीच्या रेघंवर गाडी अडली ती अडलीच.

तेवढ्यात सासूबाईंचा, म्हंजे आमच्या अंजना आत्यांचा, व्हिडिओ आला. त्यांच्या मांडीवर माझी लेक, तोंडात मी पहाटं उठून हातानं काढून ठेवलेली बाटली, मुठीत आत्यांचा पदर, आणि आत्या इचारत्यात, "कुणाची गं बाय तू? आज्जीची? व्हय गं, आज्जीची?" आणि ती कार्टी बाटली सोडून खदाखदा हसालीय! माझ्याकडं बघून अशी कधी हसली न्हाय ओ! दूध माझं, लेक माझी, आणि हसती कुणाकडं बघून? अंगाचा नुसता जाळ झाला... आणि खाली बघतोय तर काय, बाटली गळ्यापतोर भरलेली!

आता लॅबचं माणूस मी, दुसऱ्या दिशी मुद्दाम ताडून बघितलं. झोपलेल्या फोटोवर चाळीस मिली. आत्यांच्या कडेवरच्या व्हिडिओला ऐंशी. आणि आत्यांच्या गालाचा वल्ल्या तोंडानं मुका घेतीया म्हटल्यावर दुसरी बाटली लावाय लागली! म्हंजे मी जळायचं, जळून दूध काढायचं, ते आत्यांनी पाजायचं, पिऊन पोरगी गुटगुटीत व्हायची, आणखीन हसायची, त्येचा परत व्हिडिओ... दूध माझं, लेक माझी, आणि हसती कुणाकडं बघून?

किती दिस गप बसायचं माणसानं? परवा घरी गेलो, हात पुढं केलं, तर पोरीनं तोंड फिरवून आत्यांच्या खांद्यात घातलं. मी डबा असा आपटला की आमचं अरिहंत, म्हंजे नवरा, मोबाईल सोडून उठलं. "आईवर जळालीस व्हय तू?" "मी? मी कशाला जळू!" म्हणलं, आणि मोरीत जाऊन रडलो. जळतोयच की ओ! पोरगी मला इसरली तर? दुसरं काय भ्या असतंय?

काल दुपारी बसलो, पंप चालू, मोबाईल पुढं... व्हिडिओच न्हाय! झोपलेला फोटो. घर्र फुस्स. बाहेरनं बाळासो, "म्याडम, परत एअर!" शेवटी मीच फोन लावला. आत्या हळूच म्हणत्यात, "तुला वाईट वाटतंय म्हणला अरिहंत, म्हणून न्हाय धाडला गं. आता तुझाच फोटो दावतोय तिला, 'आई, आई' शिकवालोय."

डोळ्यात पाणीच आलं ओ. पर डोळ्यात येऊन काय उपेग, बाटली कोरडी! म्हणलं, "आत्या, ते सांजच्याला शिकवा. आत्ता मांडीवर घ्या, आज्जीची म्हणा, मोठ्यांदा म्हणा, हसवा, आणि धाडा लौकर... जेवणाची सुट्टी संपाय धा मिनटं राहिल्यात!"

"मुका बी घ्यायला लावू?"

दातओठ खाल्लं, आणि म्हणलं, "लावा की... आज दोन बाटल्या भरायच्यात."