हातावरचे तीन डाग

उत्कर्षा : दिवाळीला चार दिवस गावी गेलात, मी बांधलेली हाताची पट्टी सोडून आलात, त्याबद्दल मी काही बोलत नाही मावशी. पण दंडावर हे भाजलंय कशानं, तेवढं सांगा.

हरणाबाई : चुलीतनं निखारा उडाला.

उत्कर्षा : एका ओळीत तीन?

हरणाबाई : तीन उडालं. बाभळीचं लाकूड, लय तडतडतंय.

उत्कर्षा : निखाऱ्याचा चटका गोल असतो. हे बोटभर लांब आहेत, सरळ.

हरणाबाई : बरं, खरं सांगते. भाकऱ्या थापत हुते. कावळा आला आन् भाकरी समजून पेटलेलं कोलीत चोचीत धरून उडाला. चोच पोळली तसं वरनं सोडलं त्यानं, ते नेमकं माझ्या दंडावर.

उत्कर्षा : तीनदा?

हरणाबाई : माघारी आला की! येडं कावळं हुतं.

उत्कर्षा : धुळामामा, तुम्ही तरी बोला. तुमचीच बायको ना?

धुळा : ती सांगती तसंच.

उत्कर्षा : बघू हात. अगं बाई, केवढा तापलाय! पार मनगटापर्यंत लाल झालाय. अंगात ताप कधीपासून आहे?

हरणाबाई : काल सांजंपास्नं. हुडहुडी भरती. त्ये जाऊ दे गं. तू पट्टी बांध. आज अशी आवळ की हात फुटला पायजे. सोमवारी बिऱ्हाड हलतंय आमचं. मेंढरं घिऊन कुंडलकडं निघायचं, उसाच्या रानात बसवायला.

उत्कर्षा : आज पट्टी बांधता येणार नाही.

हरणाबाई : का म्हनून?

उत्कर्षा : छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा काखेतल्या गाठी काढल्या तुमच्या. हाताचं पाणी त्या वाटेनं वर जायचं. ती वाट बंद झाली म्हणून हात सुजतो. मालिश आणि पट्टी करून आपण ते पाणी दुसरीकडून काढत होतो. भाचीकडं राहून तीन आठवडे रोज आलात, हात चार सेंटिमीटर उतरला होता. अशा हाताला काटासुद्धा टोचून चालत नाही, आणि हे तर भाजलंय. आत जंतू पसरलेत. आधी डॉक्टरांकडं जायचं. सलाईनमधून औषध द्यावं लागेल, बहुतेक ॲडमिट करतील.

हरणाबाई : किती दिस?

उत्कर्षा : आठ दिवस तरी धरा. लाली उतरली की पट्टी पुन्हा पहिल्यापासून.

हरणाबाई : मग काप.

उत्कर्षा : काय?

हरणाबाई : हात काप म्हनते. खांद्यापास्नं. एका हातानं घोडी लादीन, एका हातानं कोकरू धरीन. हा माझा हात न्हाईच गं. मेलेलं मेंढरू खांद्यावर घिऊन हिंडल्यावानी झालंय, ना टाकता येतंय ना खाली ठेवता येतंय.

उत्कर्षा : असं बोलू नये मावशी.

हरणाबाई : मग कसं बोलू? चाळीस वरसं झाली, एका सालाला मागं ऱ्हायले न्हाई मी. सातवा लागला हुता तरी चालले. ल्योक बिरदेव आमचा वाटंवरच जल्मला. आन् आता सून म्हनती, आत्ती, औंदा तुमी वस्तीवरच ऱ्हावा. वस्तीवर कोन असतंय? कुत्रीबी मेंढरांसंगं जात्यात!

उत्कर्षा : मावशी, माझ्या आजोळी बैलांना डाग देताना मी बघितलंय. विळा तापवून. हे तसेच आहेत. कुणी दिले?

हरणाबाई : न्हाई गं. एक म्हातारा आलता विट्याकडनं, दाढी बेंबीपातुर. म्हनला, पानी पाजा. पानी पिला, आन् मी डोळं मिटून उघडतीया तवर…

धुळा : हरणे, बास.

हरणाबाई : आवं, तुमी गप बसा.

धुळा : म्या दिलं डाग.

हरणाबाई : तसं न्हाई पोरी, ह्ये कागदावर लिवू नगंस. ह्यांच्यावर काय घालू नगंस.

उत्कर्षा : डॉक्टरांना कशानं भाजलं ते सांगावंच लागेल, त्यावर औषध ठरतं. मामांना कुणी धरून नेणार नाही. बोला मामा.

धुळा : मेंढराचा पाय सुजला की तीन डाग देतो आमी. बापापास्नं देत आलोय. लंगडी मेंढरं चालती केली ह्या हातानं. सोमवार जवळ आला, हिचा हात हाय तसाच. म्या म्हनलं, देऊ का? म्हनली, द्या. वाटलं, सूज उतरंल, हिला संगं नेता यील.

हरणाबाई : मला कळलंबी न्हाई. हातात जीवच कुठं हाय.

धुळा : खोटं बोलती. पदराचा बोळा तोंडात धरला हुता, त्यो फाटला. एक दिऊन थांबलो मी, तर म्हनली, तीन पुरं करा.

उत्कर्षा : हा हात कधीच पूर्ण पहिल्यासारखा होणार नाही. ना डागानं, ना माझ्यानं. पण हलका राहील, चुलीपाशी, घोडीपाशी चालेल, जर पट्टी रोज सोडून रोज बांधली तर. जन्मभर. मावशींना एका हातानं स्वतःची बांधता येणार नाही. वस्तीवर कोण बांधणार आहे?

धुळा : …मला यील का?

हरणाबाई : तुमी कुठं? तुमी तर सोमवारी निगालात.

धुळा : मेंढरं बिरदेव नील.

हरणाबाई : त्याला नदीकडची रानं ठावं न्हाईत. मानसं काय म्हनतील? बायकूचा हात बांधाया घरी बसला!

धुळा : बाई, दवाखान्यात कवा जायचं?

उत्कर्षा : मगाशीच मेसेज टाकलाय मी, गाडी येतेय. दहा मिनिटं लागतील. तोवर बसा इकडं. सुजलेल्या हाताला आज लावायची नाही, चांगल्या हातावर शिका. ही धरा.

(धुळा पट्टीची गुंडाळी हातात घेतो आणि हरणाबाईच्या चांगल्या हाताला बांधू लागतो.)

उत्कर्षा : बोटांपासून सुरू करा. खाली जरा घट्ट, वर जाताना सैल. ओढू नका, नुसती ठेवत जा. लय आवळताय मामा.

हरणाबाई : मेंढराचं पाय बांधल्यावानी बांधतोय गडी.

धुळा : मेंढरू गप ऱ्हातंय.

उत्कर्षा : अर्धी आधीच्या पट्टीवर, अर्धी पुढं. हां. मावशी, बोटांना मुंग्या येतायत का?

हरणाबाई : न्हाई.

उत्कर्षा : कोपर जरा वाकवा. बरोबर. खाली गाडीचा हॉर्न वाजला बहुतेक. मामा, झालं, चला.

हरणाबाई : आवं, झाली की गुंडाळून. सोडा हात. पोरगी बघती.

उत्कर्षा : टोकाला चिकटपट्टी लावलीय मी, मामा.

धुळा : आसू दे. निसटंल.