रोजच्या पाच मिनिटांची काजळी

...आणि वर मलाच विचारतात, "आजी, तुला गाडीतलं काय कळतं?" काय कळतं म्हणजे? गाडी खोकत होती हो! माणूस खोकलं की कळतं ना, मग? सकाळी चावी फिरवली की खर्र... खर्र... मग धडधड धडधड, पोटात वाटाणे भरल्यासारखी! सिग्नलला थांबली की अशी थरथरायची की माझी कवळी तोंडात वाजायची. एकदा महावीरनगरला मधोमध बंदच पडली, मागून सगळे हॉर्न, आणि माझा मुलगा राजेश स्टेअरिंगवर कपाळ टेकून बसलेला.

तर तुम्हाला सांगते, गाडी नेली चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, जिथे आमची अपूर्वा कामाला आहे त्याच गॅरेजात. राजेशची मुलगी. आयटीआयला मोटर मेकॅनिक झाली, अख्ख्या वर्गात दोनच मुली, आणि ही सगळ्या पोरांच्या वर पहिली! नात कोणाची? माझी! पण गॅरेजवाल्यांनी तिला दिलं काय? बिलं लिहायला आणि टायरात हवा भरायला. इंजिनाला हात लावणार कोण, तर मधुकर मिस्त्री! कानाला पेन्सिल, बॉनेट उघडून असा आत बघतो जसं काही विहिरीत कोणी पडलंय... "आज्जी, पेट्रोलचा पंप गेला." बदलला. पुन्हा धडधड. "आज्जी, कॉइल गेली." तीही बदलली. धडधड! मग म्हणतो, "आता इंजिनच उतरवूया."

अपूर्वा मागून म्हणाली, "मधुकाका, आत कार्बन धरलाय. आधी प्लग तरी काढून बघा." तर तो मेला हसला! "बाय माझी, तू हवा भर."

राजेश आधीच वैतागलेला. घरी येऊन त्याने फर्मान काढलं, "पुरे झालं तुझं गॅरेज. रविवारी गाडी तू स्वतः नीट करून दाखव, मग जन्मभर पाने-पकडी घेऊन बस. नाहीतर सोमवारपासून बँकेच्या परीक्षेचा क्लास!" पोरीने हातातला घास ताटात ठेवला. बँकेत बसणारी आहे का हो ती? लहानपणी बाहुली दिली की हातपाय सुटे करून परत जोडायची... एक पाय उलटा बसला तो अजून उलटाच आहे, पण जोडायची!

रविवारी गॅरेज बंद. शेठकडून चावी मागून घेतली, राजेश घडी घालून क्लासचा फॉर्म खिशात घेऊनच आला, आणि मी बसले स्टूल टाकून. पोरीने प्लग काढले... कोळसा हो, कोळसा! मग त्या भोकातून एक बारीक नळी सोडली, नळीच्या टोकाला कॅमेरा, आणि मोबाइलवर आतलं दिसतंय. मी चष्मा पुसून बघितलं आणि ओरडलेच, "अगो, ही तर माझ्या स्टोव्हची काजळी!"

तुम्हाला सांगते, रॉकेलच्या स्टोव्हवर मी बारा-बारा माणसांचे डबे केलेत. काजळी मला शिकवू नका! तिनेही तेच केलं, जे मी बर्नरला करायची. हवा आत जाते तिथे एक झडप असते, ती काळीकुट्ट; औषध फवारलं, ब्रशने घासली, फडक्याने पुसली. वरचे पाइप उतरवून आतले व्हॉल्व्ह एकेक करून खरवडले. प्लगच्या भोकांतून औषध ओतून तीन तास मुरवत ठेवलं, लोणच्यासारखं... आणि ओढून काढलं तर बाटलीत काय? शाई! मग ऑइल बदललं, सगळं जोडलं. मी हळूच विचारलं, "पाय उलटा नाही ना बसला?" हसली.

चावी फिरवली. भसाभस काळा धूर... मग सगळं शांत. म्हटलं, गेली... पोरीचं गॅरेज गेलं. तर बंद नव्हती हो, चालू होती! आवाजच नाही! अपूर्वाने बॉनेटवर पाण्याचा ग्लास ठेवला, पाणी हललं नाही. राजेशने खिशातला फॉर्म काढला, बघितला, आणि त्यानेच पोरीच्या हाताचं तेल पुसलं. सोमवारी मधुकर मिस्त्रीने स्वतः कानावरची पेन्सिल खाली ठेवून तिला विचारलं, "ती नळी कुठून घेतलीस गं?" नात कोणाची? माझी!

इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण राजेशने विचारलं, "एवढी काजळी धरली कशी?" आणि मी ऐटीत सांगायला लागले, "अरे, बर्नर नीट तापला नाही की ज्योत पिवळी, आणि ज्योत पिवळी की काजळी! कोण मेला ही गाडी अर्धवट तापवून बंद करतो, त्याला आण माझ्यासमोर!"

अपूर्वा शांतपणे म्हणाली, "आजी, रोज सकाळी दूध आणायला खाली गेल्यावर गाडी पाच मिनिटं चालू करून बंद कोण करतं गं?"

...मीच की हो! लॉकडाऊनमध्ये बॅटरी मेली, तेव्हापासून माझाच नेम. उदबत्ती ओवाळायची, चावी फिरवायची, पाच मिनिटं, बंद. पावसापाण्याचासुद्धा एक दिवस चुकवला नाही!

आता पोरीने चावीच काढून घेतली. म्हणते, आठवड्यातून एकदा गाडी हायवेवर चांगली लांब पळवायची, इंजिन कडक तापलं पाहिजे. आणि सोबत कोण बसणार? "जिने काजळी धरवली ती!" अहो, मला नुसतं गोरेगावला जाईस्तोवर गाडी लागते! तरी दर रविवारी पुढच्या सीटवर, एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात पिशवी, मनोरपर्यंत जाऊन येते. गाडी आता जरासुद्धा थरथरत नाही, थरथरते ती मी... आणि बोलायची सोय नाही. नात कोणाची?