हौसाबाईच्या म्हशीचा चीक

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. खडकओढ्याच्या हौसाबाई शेळक्यांची म्हैस व्याली. मादी रेडकू झालं. एवढीच बातमी!

आता मंडळी, ऐका. घरात वाईट घडलं की आपलं बोट आधी कुठं जातं? कुंपणापलीकडं! हसू नका, तुमचंही जातं.

हौसाबाईचं बोट शेजारच्या तान्हूबाईवर होतं. म्हशीची आधीची दोन रेडकं बाराव्या दिवशी गेली. हगवण लागली, मान टाकली—संपलं! आणि दोन्ही वेळा म्हैस व्याली त्या सकाळी वाटी घेऊन पहिली कोण आली? तान्हूबाई! मग आणखी पुरावा कशाला हवा?

म्हणून यंदा गोठ्याच्या दाराला बिब्बा, फाटकाला आतून कडी, आणि रेडकाच्या गळ्यात काळा दोरा. इतका घट्ट, की बिचारं नजरेनं नाही, दोऱ्यानंच जायचं!

रेडकू थरथरत उठलं, कासेकडं सरकलं. हौसाबाईनं त्याला खुंट्याला बांधलं! का? सासूची रीत. म्हशीची वार, म्हणजे जार, पडेपर्यंत पिल्लाला पाजायचं नाही, आणि पहिला चीक आळीच्या खरवसाला. बारा घरं वाट बघतात! तिनं चरवी भरली. पिवळाधमक, दाट चीक.

सात वाजता कडी वाजली.

"हौसे, उघड गं!"

आली! हौसाबाईनं फाटक बोटभर उघडलं. "वाटी आणली असशीलच."

"आणली की. पण आधी सांग, दोन साल तुझा चीक मी खाल्ला. चाटूनपुसून खाल्ला. रेडकांनी काय खाल्लं?"

"वार पडल्यावर पाजते की. दुपारी, उरेल ते."

"उरेल ते? अगं, परवा जनावरांच्या डॉक्टरीणबाई चावडीवर सांगून गेल्या. रोगाशी झुंजायचं बळ पिल्लाला आईच्या पोटात मिळत नाही, या चिकातूनच मिळतं. तेही पहिल्या दोन-तीन तासांत. उशीर झाला की आतडं ते घेईनासं होतं. तू कुठं होतीस तेव्हा?"

"इथंच. तुझ्यावर लक्ष ठेवून!"

बघा मंडळी! पहारा जागच्या जागी, आणि ऐकायचं तेवढं राहिलं!

तरी हौसाबाईच्या मनात पाल चुकचुकली. हिला रेडकाचा एवढा कळवळा का? चिकानंच हगवण लावायचा डाव नसेल ना? तिनं तान्हूबाईकडं पाहिलं. मग चरवीकडं. मग रेडकाकडं. ते दावं चोखत होतं, मंडळी! दावं!

सात चाळीसला तिनं दावं सोडलं. रेडकू कासेला चिकटलं ते सुटेना. चरवीतला चीकही मग तिनं दिवसभरात त्यालाच पाजला. नऊच्या सुमाराला वारही पडली.

यंदा खरवस नाही. मग आळी काय म्हणाली? "हौसा चिकट झाली!" "सगळा तान्हूलाच दिला म्हणे!" संशयानं फक्त घर बदललं.

तेव्हा मायबाप, खरवसाची वाटी दारी आली, तर चमचा घालण्याआधी विचाराल? पिल्लू प्यालं का? की वेलदोडा कमी पडलाय, एवढंच बोलाल?

आज अकरावा दिवस. संध्याकाळी पाच वाजता, इकडं येताना मी गोठ्यात डोकावलो. रेडकू उभं होतं, पीत होतं. सकाळपासून शेण जरा पातळ आहे. डॉक्टरीणबाईंना निरोप गेलाय, त्या अजून पोचलेल्या नाहीत. फाटक उघडं आहे, तान्हूबाई आत बसलीय. काळा दोरा मात्र हौसाबाईनं काढलेला नाही.

उद्या बारावा.