नावेतली साखर

तुम्ही समावेशक नेतृत्वाचे नाव काढलेत म्हणून सांगतो. आमच्या आरोग्य कार्यालयाचे साहेब त्याचे प्रशिक्षण घेऊन बनारसला परतले आणि म्हणाले, "कुलकर्णी, यापुढे निर्णय लोक घेतील."

ब्रह्मा घाटावर मधुमेहाची तपासणी करायची होती. गोड बंद होईल या धास्तीने नर्स दिसली की माणसे गल्लीत गडप व्हायची. साहेबांनी रामदुलार नावाच्या म्हाताऱ्या नावाड्याला शिबिराचा प्रमुख केले. त्याने फुकट सैर जाहीर केली आणि शिबिर नावेतच भरवले.

"नावेत कशाला, चाचा?" मी विचारले.

"गंगाजी में भागकर कोई जाएगा कहाँ, बाबूजी?"

साहेब मांडीवर लाल पेढ्यांचा डबा घेऊन बसले. नाव प्रवाहात गेल्यावर लोकांनी एकमताने निर्णय घेतला, आधी साहेबांचे बोट टोचा.

"माझं नंतर बघू," म्हणत साहेब किनाऱ्याकडे पाहू लागले. रामदुलारने वल्ही उचलून आत ठेवली.

शेवटी साहेबांनी बोट पुढे केले. नर्सने आकडा सांगितला आणि नावेत आनंदीआनंद झाला. याहून वाईट आपले काय निघणार, म्हणून सगळ्यांनी भराभर बोटे पुढे केली.

रामदुलारने साहेबांच्या मांडीवरचा डबा हळूच उचलला.

"अरे, तो माझा आहे!"

"फैसला लोगों का है, साहब," तो म्हणाला, आणि ज्यांची साखर बरी निघाली त्यांना पेढे वाटू लागला.