डेलनं घासलेला बोल्ट

"हॅलो?… हो, दुकानच. बोला."

मार्लिस टॉलेफसननं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला होता. एका हातात सँडविच, दुसऱ्या हातात कुणाच्या तरी बंदुकीचा चाप. पलीकडचा आवाज ओळखला तशी तिनं दोन्ही खाली ठेवलं.

"डेल… नाही, तुझा आवाज ऐकून बरं वगैरे काही वाटलं नाही. काय हवंय?"

डेल कुबिक हा तिचा पूर्वीचा नवरा. घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आयडाहोच्या त्या डोंगरी गावात तो दर हिवाळ्यापूर्वी हटकून उगवायचा. बहुधा काहीतरी मोडून.

"एक छोटासा प्रश्न. हो, तुझे सगळे प्रश्न छोटेच असतात. गरम पाण्याच्या टाकीचाही छोटाच होता, मग महिनाभर शेजाऱ्यांकडे आंघोळीला जावं लागलं… बरं, विचार… बोल्ट शेवटपर्यंत बसत नाही. कुठल्या रायफलचा?… डेल, कुठल्या रायफलचा विचारतेय मी… मित्राची. मित्राला नाव असेल ना काही?… थांब. मागे कोण खोकतंय?… कुणी नाही कसं? तो माझ्या बापाचा खोकला आहे."

ती उठून उभी राहिली.

महिन्याभरापूर्वी ऑरिन, तिचे वडील, हीच रायफल घेऊन दुकानात आले होते. बंदूक दुरुस्तीचं हे दुकान मुळात त्यांचंच. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी ते लेकीला दिलं, पण आपली मतं काही दिली नाहीत. रायफल त्यांच्या वडिलांनी युद्धाहून परत येताना जर्मनीतून आणलेली. आता म्हाताऱ्याला तिच्यात मोठं, जास्त दाबाचं मॅग्नम काडतूस घालायचं होतं. नव्या नळीची सोय त्यांनी केलीच होती, फक्त बोल्टचं, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याचं, तोंड मोठ्या काडतुसाच्या बुडाएवढं रुंद करून हवं होतं. मार्लिसनं तो जुना बोल्ट भिंगाखाली बघितला आणि सांगितलं, हा एवढा दाब सोसणार नाही. दुसरा बोल्ट आणू, मी नीट बसवून, तपासून देते. म्हाताऱ्याला दुसरा नको होता. त्यांना आपल्या बापाचाच बोल्ट हवा होता. "तू भित्री आहेस," असं म्हणून ते रायफल काखेत मारून निघून गेले होते. ते कुणाकडे गेले, हे तिला आत्ता कळत होतं.

"कशानं घासलंस तोंड?… ड्रिलला घासायचा दगड लावून. आणि बोल्ट कशात धरला होतास?… शिकंज्यात, बरं. माप कशानं घेतलंस?… काडतूस लावून लावून बघितलंस. बसेपर्यंत. म्हणजे नजरेनं… डेल, तू स्वयंपाकघरातलं कपाट नजरेनं लावलं होतंस. त्यातून बशा आपण होऊन बाहेर यायच्या… विषय काढायचा नाही कसा? मीच काढणार. ऐक ना. काडतुसाचं बूड धरणारी कड शिल्लक आहे का?… थोडी. एका बाजूला थोडी, एका बाजूला नाही. छान."

फोनची वायर ताणली जाईपर्यंत ती खिडकीपर्यंत गेली आणि परत आली.

"आणि बोल्टची ती मूठ? रायफलीवरच्या दुर्बिणीला लागत असेल ना… वाकवलीस. तापवून… कितपत तापवलीस?… लाल होईपर्यंत. आणि बाकीचा बोल्ट?… निळा झाला. सुंदर दिसतो… डेल, निळा झाला म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. ते पाणी दिलेलं असतं म्हणून तो बोल्ट तुमच्या तोंडासमोर दम धरून राहतो. आता ते पोलाद नाही, लोणी आहे… नाही, गार झालं म्हणून परत येत नाही. तो काय पाव आहे?… इंटरनेटवर कुणी काय म्हणतं ते मला सांगू नकोस. तो माणूस आज तुझ्याबरोबर उभा आहे का?… नाही ना."

"आता सांग, तुम्ही आहात कुठे?… रेतीच्या खाणीत. आणि रायफल कुणाच्या हातात आहे?… त्यांच्या. काडतूस आत आहे?… आहे. आणि बोल्ट थोडा अडतो म्हणून तुला विचारायचं होतं की…"

ती थांबली. पलीकडून उत्तर आलं तसा तिनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"लाकडी हातोडीनं. हळूच… नाही, डेल. हळूच नाही, जोरात नाही, कसंच नाही. हातोडी खाली टाक… टाकलीस? मला आवाज आला नाही… हं. आता फोन डॅडना दे… ते बोलायचं नाही म्हणतात? मग त्यांच्या कानाला लाव. तेवढं तरी तुला नजरेनं जमेल."

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला.

"डॅड… हो, मीच. आधी नळी दरडीकडे करा आणि काडतूस बाहेर काढा… ठीक… मी आवाज चढवलेला नाही… कळलं मला, डेल मदतीला आला आणि मी आले नाही. डेल नेहमीच मदतीला येतो. आपण दोघांनी मिळून त्याची मदत किती वेळा निस्तरलीय?… नाही, रायफल तुमचीच आहे. आजोबांचीच आहे. मी कुठे नाही म्हणतेय?… डॅड, एक सांगा. एवढी वर्षं दुकान चालवलंत. लोकांच्या दुरुस्त केलेल्या बंदुकांचा पहिला बार कसा काढायचात?… टायरला बांधून. लांबून दोरी ओढून. परक्याच्या रायफलीला दोरी आणि स्वतःच्या रायफलीला गाल?… हो, एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम पुढच्या आठवड्यात उघडतो, माहीत आहे. एल्क काही पळून जात नाहीत… जातात, बरं. जाऊ देत."

म्हातारा बोलत राहिला. ती ऐकत राहिली. त्यात नवीन काही नव्हतं. हात कापतात म्हणजे अक्कल गेली असं होत नाही. लेकीनं बापाला शिकवू नये. डेलला निदान माणसाच्या मनाची कदर आहे. मार्लिसला कळत होतं की ती जितकं नको म्हणेल तितकी रायफल खांद्याजवळ जाईल. तिनं डोळे मिटले.

"बरं, डॅड. मारा तुम्ही बार… हो, खरंच म्हणतेय. माझं चुकत असेल. फक्त पहिला बार डेलला मारू द्या. काम त्यानं केलंय, मान त्याचा. तुम्ही ट्रकमागे उभे राहा आणि बघा… द्या त्याच्या हातात. मी आहे फोनवर."

आता तिच्या कानात फक्त रेतीवरची पावलं होती. लांबून डेलचं काहीतरी पुटपुटणं. तिनं टेबलाची कड घट्ट धरली. त्या माणसाबरोबर तिनं संसार केला होता. त्याला ती पुरेपूर ओळखत होती, आणि तरीही क्षणभर तिला वाटून गेलं की आज नेमका हा मूर्ख भिण्याऐवजी शूर निघाला तर?

"काय म्हणतो?… खांदा दुखतो. कुठला?… उजवा. मग डाव्यानं मार म्हणावं… तोही दुखतो. बरं… आणि काय?… चष्मा आणलेला नाही. डॅड, तो चष्मा लावतच नाही."

मग म्हातारा हळूच म्हणाला की डेलचाच आपल्या कामावर भरवसा दिसत नाही.

"हो…" ती म्हणाली. आवाज उतरला होता. "हो, डॅड. मलाही तेच वाटलं… दोरी ट्रकमध्ये आहे? तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे कसं बांधायचं ते. डेललाही मागे घ्या… हो, त्यालाही. असू दे. फोन बंद करू नका."

बांधाबांधीला वेळ लागला. म्हाताऱ्याची धाप तिला ऐकू येत होती, आणि "अरे, इकडे नाही, तिकडे," हे डेलला उद्देशून. अडणारा बोल्ट जोर लावून बसवल्याचा खट्ट आवाज झाला, मग तेही थांबलं.

बाराचा आवाज तिच्या ओळखीचा होता. आयुष्यभर ऐकलेला. हा तसा नव्हता. हा फाटका आणि पसरट होता, आणि मागोमाग पत्र्यावर काहीतरी आदळलं.

"डॅड?… डॅड… डेल, कुणीतरी बोला."

फोनमध्ये खरखर झाली.

"आहात ना? लागलं का कुठे?… नक्की? चेहऱ्याला हात लावून बघा… बरं. बरं… कुठे गेला बोल्ट?… ट्रकच्या दारात. आरपार… आणि लाकूड?… हं. जिथे गाल टेकतो तिथेच… नाही, मी काही म्हणत नाहीय. मी काहीच म्हणत नाहीय, डॅड… आजोबांची होती, हो… मला माहीत आहे. मलाही वाईट वाटतंय."

म्हातारा रडत होता, किंवा खोकत होता. तिनं ते ठरवायचा प्रयत्न केला नाही.

"मी येते. आत्ताच निघते. तुम्ही गाडी चालवू नका… त्यालाही चालवायला देऊ नका. बसा सावलीत… येते म्हटलं ना… काय? फोन डेलला कशाला देताय? डॅड, नको…"

तिनं कोट खुंटीवरून काढला आणि एका बाहीत हात घातला. पलीकडे डेल आला होता. आवाजात पुन्हा तीच उमेद, जणू मधलं काही घडलंच नव्हतं.

"हं… हं… नळी शाबूत आहे… एक ओरखडा नाही. दुसरा बोल्ट मिळाला तर तू घासशील… डेल, नळी शाबूत आहे, कारण तिला तू हात लावला नव्हतास."

आणि तिनं फोन ठेवला.