गिऱ्ह्याने परत फेकलेला मासा

तारीख तेरा फेब्रुवारी एकोणीसशे एक्क्याण्णव, बुधवार. महाशिवरात्र आदल्या दिवशी झाली होती. वारा पडलेला, थंडी बेताची, तिन्हीसांजेपासून खाडीवर धुकं. दुसऱ्या दिवशी अमावास्या. म्हणजे वर चंद्र नाही आणि खाली भरतीला जोर.

ऐका. हवामान आधी सांगतोय, कारण मागाहून कुणीतरी म्हणतंच, आबा, वारा असेल, वाऱ्याचा आवाज असेल. वारा नव्हता. माडाची झावळी हलत नव्हती.

त्या संध्याकाळी धोंडू पड्याळ एकटाच होडी घेऊन निघाला. धोंडू म्हणजे माझा मेहुणा, तुमच्या काकीचा भाऊ. होडीत एक पाग, म्हणजे फेकायचं जाळं, एक मोठी टोपली आणि कंदील. घाटावर मी उभा होतो. मी म्हटलं, "धोंडू, धुकं बघ. उद्या जा."

"उद्याचं उद्या. पोरीला आज पाहिजे."

पोर म्हणजे शेवंती. पहिलटकरीण. सातवा महिना लागला म्हणून माहेरी आणलेली. पण अंगावर मांस नाही, तोंडाला चव नाही. भाताचा घास घेतला की उठायची. नर्सबाई म्हणाल्या, पोटातलं वाढत नाही, हिला काहीतरी खायला घाला. आणि शेवंतीचं एकच. "मला बोय पाहिजे. आपल्या खाडीतली बोय. बाबांनी आणलेली." बाजारातला मासा आणला, तिला वासच सहन झाला नाही. धोंडू बाप. तो काय करणार?

आता तुम्ही विचाराल, दारात खाडी आणि बोय मिळत नाही? नव्हती मिळत. वर माळावर कारखाने आले त्याला सहा-सात वर्षं झाली होती. आधी कालवं गेली. खडकावर नुसत्या रिकाम्या शिंपल्या. मग खेकडे गेले. मग जाळं ओढलं की जाळ्याला काळा, तेलकट गाळ, आणि हात कोपरापर्यंत खाजायचे. एकेक होडी घाटावर उपडी पडली. लखू मुंबईला वॉचमन झाला. शांताराम पुण्याला हॉटेलात भांडी घासायला गेला. बुधाजी कुठेच गेला नाही, तो इथेच मेला.

पूर्वी रात्री खाडीत कुणी एकटं नसायचं. अंधारात दिसायचं काही नाही, पण हाका चालू. "हो ऽ ऽ, कोण?" "मी लखू!" "काय गावलं?" "कालवणापुरतं!" होडी माशांनी बुडायला आली तरी उत्तर तेच, कालवणापुरतं. खरा आकडा कोण सांगतो? हसू नको विलास, तुझा आजा सगळ्यात लबाड होता.

तर धोंडू निघाला. भरतीबरोबर वर, वर. कुठे? माडाच्या कोंडीला. तीच कोंड. तिथे पाणी खोल, काळं, आणि तिथे गिऱ्हा.

गिऱ्हा ऐकून माहीत असेल. पाण्यातलं भूत. बुडून मेलेल्याचं. त्याला दोन गोष्टी लागतात, मासा आणि माणूस. म्हणून आपल्यात रीत. कोंडीत जाळं टाकलं की पहिला मासा पाण्यात सोडायचा. "घे रे, तुझं तुला," म्हणायचं आणि मागे बघायचं नाही. आणि रात्री हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. गिऱ्ह्याला तीन हाका मारता येत नाहीत. दुसरीला त्याचा दम संपतो. पण एकदा ओ मिळाली की मग त्याला थांबवणारं कुणी नाही.

धोंडूला हे माहीत होतं? माझ्यापेक्षा जास्त.

वल्हवतोय, वल्हवतोय. काही आवाज नाही. मासा उसळत नाही, रातबगळा ओरडत नाही. किनाऱ्याची तिवराची झाडं सुकलेली. धोंडू मला म्हणाला, "भावोजी, वल्ह्याचा आवाज मोठा वाटायला लागला, म्हणून मी हळू वल्हवत होतो. जशी काही कुणाची झोप मोडेल."

कोंड आली. भरती संपून पाणी थांबलेलं. त्याने पाग फेकला. रिकामा. पुन्हा फेकला. काळा गाळ. पुन्हा. चिखलात एक रबरी चप्पल. तो खाली बसला आणि विडी पेटवली. आणि धुक्यातून हाक आली.

"हो ऽ ऽ, कोण?"

लखूचा आवाज! थेट लखूचा! धोंडूला काय वाटलं असेल? किती वर्षांनी खाडीत माणसाचा आवाज. त्याने दुसरी हाक ऐकली नाही, तिसरी ऐकली नाही. पहिलीलाच ओरडला, "मी धोंडू! लखू, अरे कधी आलास तू?"

ओ दिली. संपलं.

"काय गावलं?" आता शांतारामचा आवाज, दुसऱ्या अंगाने.

"कालवणापुरतं!" धोंडू हसून म्हणाला. टोपली कोरडी, तरी कालवणापुरतं. त्याला वाटलं, शिमग्याला आधीच आले वाटतं सगळे. बरं झालं. म्हणाला, "अरे या इकडे, विडी आहे माझ्याकडे!"

मग तिसरा आवाज. "धोंडू, बस रे. आलो मी." हा बुधाजी.

बुधाजीला धोंडूने स्वतः खांदा दिला होता.

विडी हातातून पाण्यात पडली, चर्र झालं. आता त्याने कान दिला. आवाज चहूकडून येत नव्हते. सगळे एकाच जागेवरून येत होते. होडीच्या पुढे, वावभर अंतरावर, पाण्याला लागून. लखू तिथूनच, शांताराम तिथूनच, बुधाजी तिथूनच. आणि शेवटी तिथूनच एक आवाज आला, "हो ऽ ऽ, कोण?" तो धोंडूचा स्वतःचा होता.

सुरेखा, पोराला जवळ घे. पुढचं अजून वाईट आहे.

धोंडूने वल्हं उचललं, होडी वळवली. ओहोटी लागली होती, पाणी आपणहून खाली ओढत होतं. दोन हात मारले असतील नसतील, आणि मासे वर आले.

एक नाही, दोन नाही. बोय! कंदिलाच्या उजेडात जिकडे बघावं तिकडे बोय. पाण्यावर तोंड काढून आ वासलेल्या. गोल गोल फिरायच्या, आडव्या व्हायच्या, पांढरं पोट वर. मधे तांबोश्यासुद्धा वर आलेल्या. वास उग्र, नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा. वरून, कारखान्यांच्या अंगाने, ओहोटीबरोबर येत होता.

आणि इथे धोंडू चुकला. ही चूक आपल्यातल्याच माणसाची, शहरातला करणार नाही. त्याला वाटलं, वर कुणीतरी शेर घातलाय. आपण नाही का उन्हाळ्यात ओढ्याच्या डोहात शेराचा चीक घालत? मासे गुंगतात, वर येतात, हाताने गोळा करायचे, आतडी काढायची, तीन पाण्यांनी धुवायचे आणि खायचे. आपले बापजादे खात आले, कुणाचं पोट दुखलं नाही. धोंडू म्हणाला, देव पावला. भीती विसरला. गिऱ्हा विसरला. पाग नको, काही नको, दोन्ही हातांनी मासे भरायला लागला. हाताला मुंग्या आल्या, त्याकडे लक्ष नाही. डोळ्यांसमोर एकच, शेवंती पानावर बसलीय आणि घास गिळतेय.

टोपली काठोकाठ भरली तेव्हा त्याला रीत आठवली. उशिरा, पण आठवली. मोठीशी बोय उचलली, पाण्यात टाकली. "घे रे, तुझं तुला."

डुबुक.

आणि ती बोय परत आली. पाण्यातून वर उडाली आणि होडीत, त्याच्या पायाशी पडली. मागोमाग आवाज. धोंडूचाच आवाज.

"हा नको."

बघा बरं. गिऱ्हा. उपाशी. कोंडीवर किती वर्षांत होडी नाही, कुणी पहिला मासा दिलेला नाही. आणि मासा परत फेकतोय.

धोंडूला वाटलं, लहान झाला. त्याने तांबोशी टाकली, दोन किलोची. परत आली, छातीवर आदळली. "हा नको."

"मग काय पाहिजे तुला?" तो ओरडला.

 मग अगदी हळू, म्हाताऱ्या माणसाने दारातून म्हणावं तसं, "बस जरा. कुणी येत नाही आता."

धोंडूने वल्हं मारलं. होडी हलेना. ओहोटीचं पाणी दोन्ही बाजूंनी सळसळत खाली जातंय, मेलेले मासे वाहत जातायत, आणि होडी खिळून उभी. पुन्हा मारलं, पुन्हा मारलं. वल्ह्याची मूठ हातात फिरली, तळव्याची कातडी निघून मुठीला चिकटली.

"बस. लखू नाही. शांताराम नाही. तू बस."

आणि होडीच्या काठावर हात आला. ओला. कोपरापर्यंत काळा, आणि त्यावरची साल सुटलेली. तो हात धोंडूकडे आला नाही. टोपलीकडे गेला. टोपलीचा काठ धरला आणि ओढायला लागला.

धोंडूने दुसरा काठ धरला. "सोड! पोरीला नेतोय रे! तुझं काय जातंय?" टोपली ओढली जातेय, धोंडू टोपलीबरोबर ओढला जातोय, होडी कलंडतेय. एक घोट पाणी आत आलं. दुसरा आला. कंदील विझला. काळोख! पाणी गुडघ्याला लागलं. सोडली तर शेवंती उपाशी, नाही सोडली तर शेवंतीला बाप नाही. कानाशी त्याचाच आवाज, "बस, बस, बस."

धोंडूने टोपली सोडली.

सोडल्याबरोबर होडी अशी सुटली म्हणता, दावं तोडून बैल सुटावा तशी! ओहोटीने तिला उचललं. धोंडू तळाशी पालथा पडला. वल्हं गेलं. मागून हाका येत राहिल्या, "हो ऽ ऽ, कोण? हो ऽ ऽ, कोण?" त्याने तोंडात सदऱ्याचा बोळा कोंबला, ओ जाऊ नये म्हणून. होडी आपली आपण घाटाच्या चिखलात येऊन रुतली तेव्हा भागी, त्याची बायको, बत्ती घेऊन वाट बघत उभी होती. मला बोलवायला तीच आली.

आम्ही त्याला उचलून अंगणात आणला. हात भाजल्यासारखे लाल. बोलला ते हेच सगळं, तुम्हाला सांगितलं तसं.

होडीच्या तळाशी पाण्यात पाच-सहा बोया राहिल्या होत्या. शेवंतीने उजेडात बघितल्या आणि कितीतरी दिवसांनी हसली. "बाबा, बोय! आई, आत्ता कर ना."

भागीने विळी घेतली. पहिल्या बोयचा कल्ला उघडला आणि थांबली.

"काय झालं?" धोंडू म्हणाला. "शेराच्या आहेत. आतडी काढ, तीन पाण्यांनी धू."

"शेराचा मासा मी आयुष्यभर कापलाय. शेराच्या माशाचा कल्ला लाल असतो. ही अजून तोंड हलवतेय आणि हिचा कल्ला बघा."

आम्ही बघितला. काळा, बुळबुळीत, चिखल भरल्यासारखा. दुसरीचा तसाच. सगळ्यांचा तसाच.

"मी नाही शिजवणार," भागी म्हणाली.

"भागे, मी मरता मरता आणलेत ते."

"म्हणूनच. तो मेलेला परत फेकतो, तुम्ही जितीला घालायला निघालात?"

"आई, एकच तुकडा," शेवंती म्हणाली. रडायलाच लागली. "नुसता रस्सा दे. भाताला लावायला."  लेकीच्या तोंडाशी आलेला घास काढायचा, कुणाच्याने बोलवेल? भागीने मासे पदरात गुंडाळले, कुदळ घेतली आणि परसात खड्डा खणून पुरले. शेवंती खांबाला टेकून बघत होती. मग भिंतीकडे तोंड करून निजली. कुणी जेवलं नाही.

काय म्हणालास? गिऱ्ह्याने वाचवलं? नाही रे बाबा. गिऱ्हा कुणाला वाचवत नाही. त्याला सोबत पाहिजे होती, दुसरं काही नाही. टोपली सोडली नसती तर आज धोंडूचाही आवाज त्या हाकांत असता, खराखुरा.

म्हणून सांगतो. परवा तुम्ही आपसात बोलत होतात ना, कोंडीवर मासे वर आलेत म्हणे, रात्री जाऊ, मज्जा करू? माडाच्या कोंडीच्या वाटेला रात्री जायचं नाही. दिवसाही नाही. पाण्यातून ओळखीचा आवाज आला तर तोंड दाबून धरायचं. आणि आपणहून वर आलेला मासा कितीही चांगला दिसो, त्याला हात लावायचा नाही.

त्या रात्री बाकीचे मासे ओहोटीने खालच्या वाडीच्या काठाला लागले. पहाटे लोकांनी पाट्या भरभरून नेले, शेराचे म्हणून धुऊन शिजवले. संध्याकाळपर्यंत एकोणीस माणसं तालुक्याच्या दवाखान्यात होती. चार वारली, त्यांत एक बाळंतीण. धोंडूच्या हातांची कातडी चैत्रात नवी आली, पण बोटं पुरती मिटेनात. त्याने पुन्हा वल्हं धरलं नाही. शेवंती वैशाखात बाळंत झाली. मुलगी झाली. अंगाने बारीक, पण जगली.